खालच्या कुणग्यातला युरिया

जांभ्याच्या मातीत माझं मॉडेल सारखं तोंडघशी पडत होतं, म्हणून मी रत्नागिरीला निघाले. मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरवरचा हिशेब. माती, पाणी, खत भरलं की भातखाचरातलं किती नत्र जिवाणू वायू करून हवेत सोडतात, ते सांगतो. याला डीनायट्रिफिकेशन म्हणतात. नावाला घाबरू नका, आधी मीही घाबरले होते.

मातीच्या नमुन्यांसाठी आमचंच शेत बरं, असं ठरवलं. बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "जा. मला तिकडचं काही सांगू नकोस." सतरा वर्षं ते धाकट्या भावाशी, बाळकाकाशी, बोललेले नाहीत. एका वर्षी उताराखालचं खाचर, आमचा खालचा कुणगा, पिवळा पडला. 'बाळ्याने युरिया टाकलाच नाही, परस्पर विकला,' असं बाबा अख्ख्या वाडीसमोर म्हणाले होते.

पुण्याहून सकाळची एसटी धरा आणि आंबा घाटात झोपू नका, पैसे वसूल होतात. मुक्काम रत्नागिरीतच करा, आमच्या गावात लॉज नाही. दुसऱ्या दिवशी जयगडची गाडी पकडली. सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, हिरवागार होता. लहानपणी याच रस्त्याने यायचे तेव्हा काका मला थांब्यावरून खांद्यावर बसवून न्यायचा. आताही तो थांब्यावर उभा होता, छत्री घेऊन.

"आलीस काय गो? केवढी झालीस!"

चाळिशीच्या बाईला हे ऐकून रडू येतं, काय सांगू.

काकूने घावणे आणि कुळथाची पिठी वाढली. चौथा घावणा नको म्हणायची सोय नव्हती. मग आम्ही कुणग्यात उतरलो. पोटऱ्यांपर्यंत चिखल गेला आणि मी पुन्हा आठ वर्षांची झाले. नळीत माती भरता भरता धीर करून विचारलं, "काका, त्या वर्षी खत टाकलंस तेव्हा पाणी होतं?"

"नव्हतं. दादा मुंबैला जाताना सांगून गेला, पाणी काढ, खत टाक, नि मी येईपर्यंत पाणी घेऊ नको. आठ दिवसांनी आला, मग घेतलं. दादाचा शब्द मी कधी मोडला नाय."

बांधावर बसूनच लॅपटॉप उघडला आणि तेच आठ दिवस भरले. कोरड्या मातीत युरियाचं नायट्रेट झालं, वर पाणी चढलं आणि बहुतेक नत्र हवेत गेलं. मॉडेल म्हणजे देव नव्हे, पण हे मला लगेच पटलं. काकाला मात्र काही बोलले नाही. आधी बाबांना सांगायला हवं होतं.

पुण्यात आल्यावर बाबांसमोर बसले. त्यांनी आलेखाकडे पाहिलंही नाही, नुसतं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "पाणी घेऊ नको, असं मीच सांगितलं होतं." आणि मग, "त्याचा नंबर आहे तुझ्याकडे?"

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. बाबा फोनवर वाकले. "बाळ्या, दादा बोलतोय. खताचं... चूक माझी होती रे."

पलीकडून काकाचा आवाज आला.

"होय काय?" तो म्हणाला. "मी आपला इतकी वर्सं समजत होतो, माझ्याच हातून कायतरी चुकलं."