आईच्या हनुवटीवरचं गोंदण

माझ्या वडलांनी सोळा वर्षं फौजेत काढली आणि पुढची वीस अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका कंपनीच्या गेटवर. बोलणं मोजकंच. दोन हजार चारच्या सुमारास त्यांना हार्टचा झटका येऊन गेला. हलकाच होता, पण दवाखान्यातून कुळगावच्या घरी आले त्याच आठवड्यात त्यांनी मला पलंगाखालची काळी ट्रंक ओढायला लावली. पलटणीतल्या त्यांच्या एका मित्राची बायको, नवरा गेल्यावर, पेन्शनसाठी दोन वर्षं हेलपाटे घालत होती. कागदावर काहीतरी जुळत नव्हतं म्हणे. "माझ्यामागं तुझ्या आईचं तसं व्हायला नको," ते म्हणाले. मी ट्रंकेतल्या कागदांवरून फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं आणि तीनेक महिन्यांनी त्यांच्या नोंदीतल्या कुटुंबाच्या पानाची नक्कल पोस्टाने आली.

मी ती मोठ्याने वाचून दाखवली, इंग्रजीचं मराठी करत. आईचं नाव बरोबर, लग्नाची तारीख बरोबर. पत्नीची ओळखीची खूण: हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके.

आई मेथी निवडत होती. तिने तसाच हिरवा हात हनुवटीवर फिरवला.

"ही कोण बाई हाय?"

कारण आईच्या अंगावर गोंदण नाहीच, कुठेही. तिच्या वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातलं गोंदण बंद केलं. गोंदणारीण दारात आली तर तिला पाणी द्यायचे, भाकरी द्यायचे आणि परत पाठवायचे. लेकीचं अंग जन्मलं तसंच राहील, असं ते म्हणायचे, आणि आईला त्याचा केवढा अभिमान! माझा स्वभाव मुळात तापट. मी त्या न पाहिलेल्या कारकुनाचा यथेच्छ उद्धार केला. काहीही खरडतात, डोळे मिटून लिहितात, वगैरे.

"क्लार्कची चूक न्हाई," वडील खाली बघत म्हणाले. "म्याच सांगितलं व्हतं."

लग्नासाठी त्यांना वीस दिवसांची रजा मिळाली होती. त्यातले चार दिवस प्रवासातच गेले. दोन खोल्यांचं घर पाहुण्यांनी भरलेलं, आईचा पदर कपाळाखाली, मान खाली. बायकोचा चेहरा काही त्यांना धड बघायला मिळाला नाही. पलटणीत परतल्यावर लग्नाची नोंद करायला गेले तर क्लार्क विचारतो, बायकोची ओळखीची खूण? मागे जवानांची रांग. वडलांच्या घरातल्या एकूण एक बायकांच्या, त्यांच्या आईच्या, आत्याच्या, थोरल्या बहिणीच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते. आपल्याही बायकोला असणारच, म्हणून त्यांनी ठोकून दिलं.

संध्याकाळी चहा देताना आई म्हणाली, "त्या तीन ठिपकेवालीलाच पेन्शन द्या म्हणावं."

आम्ही थट्टेवारी नेलं, पण वडलांना रात्रंदिवस तोच घोर. ते गेल्यावर आईला कुणी समोर बसवून तिचा चेहरा बघणार आणि म्हणणार, ही ती नव्हेच. मग तिचं कसं होणार, एवढंच ते बोलत.

दुरुस्तीसाठी स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र हवं होतं. मी दोघांना घेऊन उल्हासनगरला, तीन नंबरच्या कॅम्पात, एका सिंधी टायपिस्टकडे गेले. म्हातारा गोड माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून आईकडे बघत म्हणाला, "साईं, इतना लफडा काय को? शिवमंदिर के मेले में गोदनेवाली बैठती है. तीन टिपका, दो मिनट का काम. कागज को हाथ ही मत लगाओ."

खरं सांगते, मला ते क्षणभर पटलं. आईसुद्धा म्हणाली, "करून टाकू का? या वयात कोण बघतंय?" तिच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

वडलांनी टेबलावर हात आपटला. मी त्यांना आवाज चढवताना क्वचितच ऐकलं होतं. "चूक माझी हाय, तिच्या हनुवटीची न्हाई. तिचा बाप न्हाई म्हणला व्हता."

टायपिस्टने मशीनवर कागद चढवला. "बोलो फिर, निशानी क्या लिखूं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात वडीलच सुरू झाले. उजव्या मनगटावर डाग, स्टोव्ह भडकला होता तेव्हाचा. डाव्या भुवईत पांढरी रेघ. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. कोपरावर, विळी लागलेली, दोन टाके. मानेमागं, केसांच्या बरोबर खाली, एक तीळ. आई "अहो, पुरे" करत पदर ओढत होती. टायपिस्टची बोटं हवेतच थांबली.

"साईं, जगह दो की ही है."

वडलांनी सगळ्या खुणा पुन्हा एकदा बोटांवर मोजल्या. शेवटी म्हणाले, "मनगट. आणि तीळ."

"तीळ?" आई म्हणाली. "मला कुठं हाय तीळ?"

"हाय." ते तिच्याकडे न बघता सांगत होते. "लग्नाच्या रजेत तू चुलीपाशी पाठ करून बसायचीस. तेवढंच दिसायचं. ते ठावं व्हतं मला तवाच. पर एवढ्या जवानांपुढं बायकोच्या मानेचं कसं सांगू?"

टायपिस्टने त्या पानाचे पैसे घेतले नाहीत. मी नंतर खुणांच्या दाखल्यावर अंबरनाथच्या डॉक्टरांची सही आणली, कागद पाठवले, दोनदा आठवण करून दिली, एकदा फोनवर भांडले. वर्ष उलटल्यावर दुरुस्तीचं पत्र आलं. वडलांनी ते वाचून घेतलं आणि ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

पेन्शनच्या कामाला मी आईला घेऊन गेले. टेबलावर पोरसवदा क्लार्क होता. त्याने मनगट पाहिलं, टिक केलं. दुसरी खूण वाचून तो बिचारा लाजला. "राहू द्या आजी, चालेल."

"चालंल कसं? बघून घे," आई म्हणाली. ती उठली, त्याच्याकडे पाठ केली आणि पांढरा अंबाडा दोन्ही हातांनी वर उचलून मान खाली घातली. क्लार्क उभा राहिला, त्याने पाहिलं आणि टिक केलं.

परतताना रिक्षात तिने मान वळवून माझा हात धरला आणि मागे नेला.

"कुठं हाय गं? बोट ठेव बघू. मला कधी दिसलाच न्हाई."

मी बोट ठेवलं. तिने ते घर येईपर्यंत काढू दिलं नाही.