आईच्या खुर्चीजवळचा डबा

वडगाव रासाईच्या आमच्या घरी वायफाय जोडायला एक बाई आली होती. खोल्याखोल्यांत तिनं पांढरे डबे बसवले, पण आईच्या जुन्या कॉम्प्युटरला वायफाय नव्हतं, इंटरनेट फक्त तारेनं मिळायचं. त्यावरून ती रोज बडोद्याच्या मावशीशी बोलायची.

"नवा घेऊ," मी म्हणालो.

"मला ह्याच्यावरच जमतंय," आई हिरमुसून म्हणाली.

बाईनं पदर खोचला. "आजी, तुम्ही बसता कुठं?"

आईनं खिडकीजवळची, कॉम्प्युटरसमोरची खुर्ची दाखवली.

"मग माणसानं कशापायी हलायचं? डबाच हलवू की."

तिनं एक डबा खुर्चीजवळ आणला आणि कॉम्प्युटरची तार त्याच्या मागं जोडली. पडद्यावर मावशी दिसली.

"केस कापलेस व्हय गं?" आई हसली.

मी चहा घेऊन आलो, तेव्हा ती बाई आईशेजारी बसून मावशीला आपल्या पोरींची नावं सांगत होती.