सहा महिन्यांचा व्हिसा आणि बिनमडगार्डची गाडी

सासरे अमेरिकेत आले आणि पहिल्या पंधरा दिवसांत आमच्या घरातलं दुरुस्त करण्यासारखं सगळं संपलं. कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या, ठिबकणारा नळ, हलणारा जिन्याचा कठडा, सगळं झालं. हर्नडनमधलं आमचं टाउनहाउस तसं नवंच होतं, त्यात मोडून मोडणार तरी काय? सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी तेहेतीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. सोळाव्या दिवशी ते टीव्हीसमोर बसले, टीव्ही लावला, बंद केला आणि मला म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या हापिसात काही मोडलंय का?"

हे २००४ सालातलं. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला पाव्हणं म्हणायचे आणि माझ्याशी इतक्या अदबीनं बोलायचे की मीच अवघडून जायचो. जावयाला पाणी आणायलाही सांगायचं नाही, अशी त्यांची रीत. त्यात मी ठाण्यात फ्लॅटमध्ये वाढलेला, आयुष्यभर कीबोर्ड बडवलेला माणूस. गाडीचं चाक पंक्चर झालं तरी फोन करून कुणाला तरी बोलावणारा. आमच्यात बोलायला विषय दोनच होते, हवा आणि त्यांची मुलगी. हवा रोज तीच असायची आणि मुलगी शेजारीच बसलेली असायची.

जूनमधल्या एका शनिवारी आम्ही दोघं भाजी आणायला गेलो. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मागच्या बाजूला हौशी लोकांनी जुन्या गाड्या आणून लावल्या होत्या. बहुतेक गाड्या तोंड पाहून घ्यावं इतक्या चकचकीत. एकच गाडी मळक्या काळ्या रंगाची, बुटकी, दोन माणसांपुरती. चाकं उघडी, इंजिनही दोन्ही बाजूंनी उघडं. मामांनी तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या.

"हिची मडगार्डं कुठायत?"

गाडीचा मालक घडीच्या खुर्चीत बसला होता. निवृत्त प्लंबर, पँटला पट्ट्याऐवजी खांद्यावरून गेलेले गॅलिस. मी विचारलं, त्यानं सांगितलं, आणि मी मामांना मराठीत सांगितलं. महायुद्धानंतर इथल्या पोरांकडे नव्या गाड्यांना पैसे नव्हते. ती पोरं वीस वर्षांच्या जुन्या गाड्या घ्यायची, मडगार्ड वगैरे वजन काढून टाकायची, दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन त्यात बसवायची आणि पळवायची. ह्याला हॉट रॉड म्हणतात. हा प्लंबर अजूनही त्याच जुन्या पद्धतीनं करतो, दुकानातला नवा कोरा भाग शक्यतो लावत नाही.

"ही विकत घेतलेली नाही," प्लंबर म्हणाला, "जमवलेली आहे."

हे मराठीत सांगितल्यावर मामा वाकून इंजिनाचे जोड बघू लागले. मग म्हणाले, "आमच्या कारखान्याचा निम्मा बॉयलर असाच होता."

भाजी राहिलीच. येताना माझ्या खिशात प्लंबरचा फोन नंबर होता आणि त्याच्या एका नातेवाइकाच्या शेतावर पडलेल्या सांगाड्याचा पत्ता.

पुढच्या रविवारी आम्ही तासभर पश्चिमेला गेलो. कमरेइतक्या गवतात तिसाच्या दशकातली एक कूप, म्हणजे दोन दारांची बुटकी गाडी, उभी होती. उरली होती ती नुसती बॉडी आणि चासी. इंजिन नाही, काचा नाहीत, आणि खालच्या पत्र्यातून वर येऊन खिडकीतून बाहेर गेलेलं मनगटाएवढं झाड. शेताची मालकीण, म्हणजे प्लंबरची ती नातेवाईक, एक म्हातारी बाई होती. ती म्हणाली, "झाड तुम्हीच तोडायचं, आणि गाडी आजच न्यायची." एवढ्या दोन अटींवर तिनं इतकी स्वस्तात दिली की मला आधी संशयच आला. मामा मात्र चासीखाली आडवे झाले होते. बाहेर आले तेव्हा सदऱ्याला शेण लागलं होतं. "वरचा गंज वरचाच हाय. हाड शाबूत हाय," ते म्हणाले. मग करवत मागून घेऊन त्यांनी ते झाड गाडीच्या आत बसून कापलं.

प्लंबरच्या ट्रेलरवरून ते धूड दारात आलं तेव्हा बायको हातातलं काम टाकून बाहेर आली.

"बाबा, आम्ही डायनिंग टेबल घेणार होतो."

"टेबलाला चाकं कुठं असतात?" मामा म्हणाले.

तिनं मग एक नियम घातला. गाडी येईपर्यंत आम्ही दर आठवड्याला बाहेर जेवायचो. आता बाहेर जेवणं बंद, आणि त्यातून वाचेल तेवढंच गाडीवर खर्च करायचं. सासूबाईंना हे फारच पटलं. तीन-चार आठवडे इथलं पनीर खाऊन त्या तशाही कंटाळल्या होत्या.

आठच दिवसांत वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं. 'नादुरुस्त वाहन बाहेरून दिसेल अशा प्रकारे ठेवण्यास मनाई आहे.' म्हणून काम सगळं गॅरेजचं दार खाली ओढून करायचं ठरलं. व्हर्जिनियाचा जुलै, एका गाडीचं गॅरेज, कोपऱ्यात एक टेबलफॅन. सासूबाई स्वयंपाकघराकडच्या दारातून दर तासाला ताकाचे पेले आत सरकवायच्या आणि नाकाला पदर लावून दार लोटून घ्यायच्या.

मामांचं पहिलं मोठं सुख म्हणजे अमेरिकेत अजून इंच चालतात. त्यांचा कारखाना जुन्या विलायती यंत्रांवर चालायचा, त्यामुळे त्यांचं सगळं मोजमाप सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "चार सुताचा पाना द्या," ते म्हणायचे, आणि मी मिलिमीटरवर वाढलेला माणूस मनात भागाकार करत अर्ध्या इंचाचा पाना शोधायचो. महिन्याभरात भागाकार थांबला. पान्याकडे बघितलं की सूत कळायला लागलं. प्लंबर वेल्डिंगचं यंत्र घेऊन शनिवारी यायचा. त्याला आणि मामांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण जोड कुठे कच्चा राहिला ते दोघांनाही एकदमच दिसायचं आणि दोघेही एकदमच चुकचुकायचे.

इंजिन भंगारातल्या एका जुन्या पिकअपचं मिळालं. सहा सिलिंडर एका रांगेत, सगळे गंजून घट्ट बसलेले. मामांनी प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल ओतलं आणि आठवडाभर त्याला हातही लावू दिला नाही. रोज ऑफिसमधून आल्यावर मी विचारायचो, "आज?" ते मान हलवायचे. आठव्या दिवशी लांब पहार लावून दोघांनी जोर केला. बोटभर हललं. त्या बोटभरावर मामांनी सासूबाईंना शिरा करायला सांगितला. नंतर व्हॉल्व्ह घासायला त्यांनी काठीच्या टोकाला रबर लावलं आणि ती दोन तळहातांत धरून फिरवत बसले. सासूबाईंनी डोकावून पाहिलं. "आत मी घुसळायचं, हितं तुम्ही घुसळायचं," म्हणाल्या. गिअरबॉक्सच्या झाकणाखालचं पॅकिंग मामांनी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातून कापलं. त्यावरचा कोंबडा मात्र आतल्या बाजूला घेतला. "उगीच कुणाला दिसायला नको."

गिअरबॉक्स इंजिनाला जोडायच्या दिवशी मी खाली पाठीवर झोपलो होतो, छातीवर गिअरबॉक्सचं निम्मं वजन. मामा वरून बोल्टचं भोक जुळवत होते.

"पाव्हणं, जरा उजवीकडं घ्या."

घेतलं.

"जरा आणखी... न्हाई, तिकडं न्हाई, उजवीकडं... अरे गाढवा, उजवीकडं! तुझ्या जेवायच्या हाताकडं!"

मी उजवीकडे ढकललं. बोल्ट खट्कन बसला. मी सरपटत बाहेर आलो तर मामा हातात पाना घेऊन खाली मान घालून उभे. दारात सासूबाई, ताकाच्या पेल्यासकट.

"जावयाला गाढव म्हणालात?"

"तोंडातून गेलं," मामा पुटपुटले.

मला मात्र हसू आवरेना. लग्नानंतर चार वर्षांत हा माणूस माझ्याशी पहिल्यांदा सरळ बोलला होता. मी म्हणालो, "मामा, बोल्ट बसला ना? आता असंच बोला." ते कबूल होईनात. दोन दिवस तर "आपण", "घ्यावं" असं काहीतरी बोलत राहिले, आणि कामाची पार वाट लागली. शेवटी तोड निघाली. गॅरेजमध्ये अरे, घरात अहो. जेवायला घरात गेलो की माझी बढती व्हायची.

ऑक्टोबरमध्ये इंजिन सुरू करायचं ठरलं. सायलेन्सर अजून बसवला नव्हता, धुराची नळी वीतभर. शहाण्या माणसानं गाडी बाहेर ढकलली असती. आम्ही असोसिएशनच्या पत्राला भिऊन दार हातभर वर केलं आणि तेवढं पुरे समजलो. मी किल्ली फिरवली. दोन-तीनदा ते खोकलं, आणि मग असा काही आवाज झाला की फळीवरचे डबे खाली आले. मामांनी दोन्ही हात वर केले. ते काहीतरी ओरडत होते, पण ऐकू काही येत नव्हतं, आणि मग ते दिसेनासेही झाले. गॅरेज निळ्या धुरानं भरलं होतं.

आधी आमचा धुराचा अलार्म वाजला, मग डावीकडच्या शेजाऱ्यांचा. त्यांनी फोन केला. आम्ही इंजिन बंद करून, दार उघडून खोकत बाहेर आलो, आणि दम खातोय तोवर अग्निशमनचा लाल बंब गल्लीत शिरला.

मी बंबवाल्यांना समजावत होतो तेवढ्यात लक्षात आलं की मामा नाहीत. ते पाच मिनिटांनी घरातून आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात स्वतःचा आणि सासूबाईंचा पासपोर्ट. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "माझंच नाव सांग. तुझी नोकरी हाय. आम्हाला तसंही महिन्याभरानं जायचंच हाय."

मी त्यांना पासपोर्ट खिशात ठेवायला सांगितले, पण ते ऐकेनात.

बंबावरच्या मुख्य अधिकाऱ्यानं आधी मला चांगलं झापलं. बंद जागेत इंजिन चालवलं तर माणसं बेशुद्ध होऊन मरतात, कळतं का? ते बरोबरच होतं आणि मी मान खाली घालून ऐकलं. मग त्यानं आत टॉर्च मारला आणि त्याचा आवाज बदलला. "हे कुणी बांधलं?" मी मामांकडे बोट दाखवलं. मामांनी पासपोर्ट पुढे केले. त्या माणसानं ते बाजूला सारून मामांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "कार्ब्युरेटर कुठून मिळवला?"

असोसिएशनचं दुसरं पत्र आलंच. पण त्या संध्याकाळी मामांनी सासूबाईंना ती हकिकत चार वेळा सांगितली, त्याही तिथे होत्या तरी.

नोव्हेंबरमध्ये सहा महिने भरले आणि ते दोघं परत गेले. गाडीला तेव्हा ब्रेक नव्हते, दिवे नव्हते, काचा नव्हत्या. मी एकटा. पहिले दोन महिने मी गॅरेजचं दार उघडलंच नाही. मग एका रविवारी त्यांचा फोन आला. "ब्रेक कुठवर आलं?" मी खोटं बोललो, आणि त्या लाजेनं कामाला लागलो. पुढचं दीड वर्ष दर रविवारी फोनकार्डावरून आमचं बोलणं व्हायचं. मी गाडी बाहेर काढून इंजिन सुरू करायचो आणि फोन त्याच्याजवळ धरायचो. सांगलीत ते डोळे मिटून ऐकायचे, असं सासूबाई सांगायच्या. एकदा म्हणाले, "चौथ्याचं टॅपेट सैल हाय." उघडून पाहिलं तर खरंच चौथ्या सिलिंडरचंच.

तपासणीला गाडी पहिल्यांदा नापास झाली, हॉर्न नव्हता म्हणून. दुसऱ्यांदा पास झाली. रंगाला पैसे उरले नव्हते, म्हणून रंगाआधीचा राखाडी हात तेवढा दिला होता. सीटवर सोलापुरी चादर.

२००६ च्या उन्हाळ्यात ते दोघं पुन्हा आले. प्रवासाचा शीण घालवायलाही मामा थांबले नाहीत, बॅगा हॉलमध्ये टाकून थेट गॅरेजमध्ये. वाकून, हात लावून, खालून वरून सगळं पाहिलं. एक ब्रेकची नळी मी जरा वाकडी नेली होती, तिथे त्यांचं बोट थांबलं. "हे पुन्हा करू," म्हणाले. रात्री जेवताना मात्र भात दोनदा घेतला.

सासूबाईंचा हट्ट होता की पूजा झाल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. म्हणून रविवारी सकाळी देवळात गेलो. तिथले गुरुजी नव्या गाड्यांच्या पूजेला सरावलेले. त्यांनी आमच्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही नवीन?"

"आम्हाला नवीन," मामा म्हणाले.

चारही चाकांखाली लिंबं ठेवली. गुरुजींनी तेलात कुंकू कालवून पुढच्या पत्र्यावर स्वस्तिक काढलं. मग प्रश्न आला, लिंबांवरून गाडी न्यायची कुणी? सीटं दोनच. मामांकडे इथलं लायसन्स नव्हतं, पण देवळामागचं खडीचं आवार मोकळं होतं आणि गुरुजी म्हणाले, "इथे कोण विचारतंय?"

मामा चाकामागे बसले. सासूबाई दाराशी अडखळल्या, पदर खोचला आणि शेजारी बसल्या. लिंबं फुटली. गाडी आवाराला एक फेरी मारून आमच्यासमोर आली तेव्हा मी थांबायची खूण केली, पण ते थांबले नाहीत. दुसऱ्या फेरीला सासूबाई काहीतरी ओरडत होत्या. बायको म्हणाली, "आई रागावलीये वाटतं." तिसऱ्या फेरीला नीट ऐकू आलं. त्या म्हणत होत्या, "जोरात घ्या की!"

बायको आणि मी प्रसादाची ताटली घेऊन कठड्यावर बसलो. पाचव्या की सहाव्या फेरीनंतर आम्ही मोजणं सोडलं.

ते कुंकू पत्र्यावरच्या त्या राखाडी हातात पार मुरलं. मी साबणानं घासलं, नंतर रॉकेलनंही, तरी निघेना. मामा म्हणाले, राहू दे, वर रंग देशील तेव्हा झाकलं जाईल. रंग अजून दिलेला नाही.