तरवडाची फुलं आणि आमची लॅब

तरवडाच्या फुलांवर काम सुरू केलं, तेव्हा वाटलं होतं की शेवटी हातात एक रिपोर्ट येईल. रिपोर्ट अजून अर्धाच आहे, किस्से मात्र साठत चाललेत.

मी जालन्यात फार्मसी शिकवते. गावाकडे शुगरवर, म्हणजे मधुमेहावर, या फुलांचा काढा घेतात. पिष्टाची साखर करणारं एक एंझाइम असतं. फुलांचा अर्क त्याला किती अडवतो, हे आम्ही परीक्षानळीत बघतो. माणसांपर्यंत अजून पोचलेलोच नाही.

फुलं आणायला जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीकडच्या माळावर गेलो. मेंढरं राखणाऱ्या काशीबाईंनी झुडपं दाखवली. मेंढरं हा पाला खातात का, असं मी विचारलं.

“न्हाई खात. त्यांना कुठं शुगर हाय, मॅडम?”

फुलं लॅबमध्ये सावलीत वाळत घातली, तर रोज थोडी कमी व्हायला लागली. उंदीर असतील म्हणून जाळी आणली. जाळी लावायला आमचे शिपाई सुखदेवमामा आले आणि मान खाली घालून उभे राहिले. त्यांना शुगर होती. चिमूटभर फुलांचा काढा ते रोज घेत होते, आणि गोळ्या पार बंद केल्या होत्या.

त्याच दिवशी त्यांना तपासायला नेलं. साखर इतकी वाढली होती की डॉक्टरांनी दाखलच करून घेतलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. फुलांचं कौतुक त्यांच्यासमोर रोज मीच करत होते.

मामा बरे झाले, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मी बरणीवर मोठ्या अक्षरांत ‘हे औषध नाही’ असं लिहिलं आणि कपाटाला कुलूप लावलं. मामांसोबत आलेल्या मामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ते वाचलं.

“औषध न्हाई, मंग कुलूप कशाला?”

मी किल्ली पर्समध्ये टाकली.

गेल्या महिन्यात काशीबाई डोळे दाखवायला जालन्याला आल्या, तशा लॅबही बघायला आल्या. टेबलावर चार जागच्या फुलांची पूड चार बशांत होती, वर नुसते नंबर. त्यातली एकच दर वेळी एंझाइमला जोरात अडवत होती. कोणती, ते फक्त माझ्या वहीत होतं.

काशीबाईंनी चारही बशा हुंगल्या, चिमूट चिमूट जिभेवर ठेवली आणि तीन नंबरची बशी माझ्याकडे सरकवली.

“हे कामाचं. बाकीचं नुसतं पिवळं हाय.”

वहीतही तीनच नंबर होता. कशावरून ओळखलं, म्हणून मी दोनदा विचारलं. त्यांनी पदर सावरला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“जाफराबादची गाडी कितीला हाय, मॅडम?”