आंबेघळचा थांबा आणि शांताआक्कांचा संशय

शांताआक्का मिराशी यांची आणि माझी पहिली भेट धावत्या गाडीत झाली, आणि त्या भेटीत त्यांनी माझ्यावर सरळ संशय घेतला. बेळगावहून गोव्याकडे जाणारी आमची इंटरसिटी तेव्हा नुकतीच एका खासगी कंपनीला चालवायला दिली होती. रूळ, सिग्नल आणि ड्रायव्हर रेल्वेचे. डबे, तिकिटं, खाणंपिणं आणि माझ्यासारखे नोकर कंपनीचे. मी जवळच्याच गुंद गावचा. बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो, तो डब्यातला मदतनीस म्हणून लागलो. सुरुवातीचे काही दिवस प्रत्येक प्रवाशाला गुलाबाचं फूल आणि कोकम सरबत द्यायचं, असा वरून हुकूम होता.

आंबेघळ या जंगलातल्या लहान स्टेशनवर नऊवारी नेसलेल्या, हातात काळी छत्री घेतलेल्या एक बाई चढल्या. त्यांच्या सोबत चेहरा सुजलेले, दमलेले एक गृहस्थ होते. मी दोघांपुढे सरबत धरलं. गृहस्थांनी हात पुढे केला, तो बाईंनी अडवला.

"त्यांना मोजून पाणी हाय. आन् हे फुकट का देतायसा?"

"कंपनीकडून आहे, आक्का."

"कंपनीला आमचा एवढा पुळका कशापायी?" माझ्या ओळखपत्रावरचं नाव त्यांनी सावकाश वाचलं. "परशुराम, मला एक सांग. ही गाडी तोट्यात गेली, तर पयल्यांदा कुणाला उतरवणार?"

मी सरबत मागे घेतलं. त्या डब्यात मला तो प्रश्न विचारणारं दुसरं कुणी कधी भेटलं नाही.

आज आक्कांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात इतरांनी त्यांच्या प्रेमळपणाविषयी लिहिलं आहे आणि ते खरंच आहे. मला मात्र त्यांच्या संशयाविषयी लिहायचं आहे, कारण आंबेघळचा थांबा त्या संशयानं वाचवला.

आक्का सरकारी नर्स होत्या. जोयडा तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर त्या पायी जात. संशय हा त्यांच्या कामाचाच भाग होता. एकदा तालुक्याहून आलेली लशीची पेटी त्यांनी उघडून पाहिली. आत बर्फ होता, पण बाटल्यांवरचे कागद भिजून सुटले होते. वाटेत बर्फ वितळला आणि कुणीतरी नवा भरला, हे ओळखून त्यांनी पेटी परत पाठवली. साहेब रागावले. "पोरांच्या दंडात टोचायची हाय, तुमच्या टेबलावर ठेवायची न्हाई," असं त्या त्यांना म्हणाल्याचं मी जुन्या लोकांकडून ऐकलं आहे. निवृत्तीनंतर त्या आंबेघळला, माहेरच्या घरी राहायला आल्या. शेजारचे नारायणमामा गावडा यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. गोव्याच्या दवाखान्यात डायलिसिसला त्यांना आठवड्यातून दोनदा न्यावं लागे. घरचे शेतात, म्हणून आक्का सोबत जात. गाडीत भेटलेले गृहस्थ तेच.

पहिली दोन वर्षं कंपनीनं गाडी छान चालवली, हे मान्य केलंच पाहिजे. डबे स्वच्छ, पंखे चालू, गाडी वेळेवर. गणेशगुडीला नदीत राफ्टिंगला जाणारे शहरातले पाहुणे आमच्याच गाडीनं येऊ लागले. मग कंपनीचे मालक बदलले. नव्या साहेबांना मी कधी पाहिलं नाही. त्यांचे हुकूम तेवढे फोनवर येत. आधी तिकीट वाढलं. मग आंबेघळला 'मागणीनुसार थांबा' झाला. म्हणजे तिथून कुणी फोनवर तिकीट काढलं असेल, तरच गाडी थांबणार.

त्यानंतर आंबेघळहून कुणालाच तिकीट मिळेना. फोनवर एकच उत्तर येई: जागा नाही. लोकांना वाटलं, पाहुण्यांची गर्दी वाढली असेल. आक्कांना तसं वाटलं नाही. पाऊस लागून राफ्टिंग बंद पडलं होतं, मग गाडी भरते कुणी, असं त्या दारोदार विचारत फिरू लागल्या. लोक कंटाळले. "आक्कांना सगळीकडं काळंच दिसतंय," असं त्यांच्या घरचेही म्हणू लागले.

मग तो दिवस आला. तिकीट मिळेनासं झाल्यापासून मामांना मिळेल त्या वाहनानं घाटातून नेत; त्या दिवशी तेही मिळालं नाही, म्हणून तिकीट नसतानाही आक्का नारायणमामांना घेऊन फलाटावर आल्या. हात केला तर गाडी थांबेल, मग गार्डाला विनंती करू, असा त्यांचा हिशेब होता. मी डब्याच्या दारात उभा होतो. वळणावर गाडी थोडी सावकाश झाली, पण थांबली नाही. मामांनी वर केलेला हात मला दिसला. त्यांच्या मागे स्टेशनचा पोर्टर राजप्पा हिरवा झेंडा धरून उभा होता. गाडी पुढे निघून गेली आणि माझ्या पाठीमागे डबा अर्ध्याहून जास्त रिकामा होता.

थोड्याच वेळात कुठूनशी एक जीप आली आणि मामांना त्यातून घाटानं नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांना धाप लागली होती, पण ते वाचले.

आक्कांचा सगळा राग राजप्पावर निघाला. बाजाराच्या दिवशी, चारचौघांत त्या म्हणाल्या, "माणूस मरायला टेकलाय आन् ह्यो हिरवा झेंडा दावतोय. कंपनीनं तुला किती दिलं रं?" राजप्पा पिशवी उचलून निघून गेला. तो मूळचा धारवाडकडचा, कानडी बोलणारा; मराठी समजायचं पण रागाच्या वेळी बोलता यायचं नाही. त्याच्या बायकोनं त्यानंतर पाणवठ्यावर येणं सोडलं.

पुढच्या सुट्टीला मी आंबेघळला गेलो. आक्कांनी मला आत घेतलं नाही. ओसरीवर बसवून विचारलं, "तुला कुणी धाडलं?"

"कुणी नाही. मी आपणहून आलो."

"मग कंपनीचा शर्ट घालून का आलास?"

"तेवढाच एक बरा आहे, आक्का."

त्यांनी मला त्या दिवशीच्या डब्याविषयी विचारलं. मग भाताच्या लावणीविषयी बोलल्या आणि मध्येच पुन्हा डब्याविषयी विचारलं. चहा आला, तरी तोच प्रश्न वेगळ्या तोंडानं आला. नर्सबाई रोग्याला अशाच विचारत असाव्यात. माझं उत्तर एकच होतं: डबा रिकामा होता.

"हे लोकांपुढं सांगशील?"

मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली. "आत्ता न्हाई. घरी जा, आईबाला इचार. नोकरी जाईल हे त्यांना सांग. मग ये."

आपल्याला हवी ती साक्ष समोर चालून आलेली असताना तिला घरी परत पाठवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गावानं रेल्वेकडे केलेल्या तक्रारीवरून जोयड्याला तालुका कचेरीच्या सभागृहात सुनावणी झाली. रेल्वेचे एक मोठे अधिकारी आले होते. कंपनीचा माणूस शांतपणे म्हणाला, "आंबेघळहून प्रवासीच नाहीत. महिनोन्‌महिने एकही तिकीट निघालेलं नाही. हा थांबा आता रद्दच करावा." आमच्याच लोकांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे सरपंच फुटले, कुणी म्हणे अधिकारीच कंपनीच्या गाडीतून आले. प्रत्येक जण शेजारच्याकडे तिरक्या नजरेनं पाहत होता.

आक्का उठल्या. "साहेब, तुमच्या सोताच्या फोनवर उद्याचं आंबेघळचं तिकीट काढा."

अधिकारी हसले, पण त्यांनी फोन काढला. थोडा वेळ बोट फिरवलं. "जागा नाही म्हणतंय."

"आता त्याच गाडीचं पुढच्या स्टेशनवरनं काढा."

यावेळी ते हसले नाहीत. फोन त्यांनी कंपनीच्या माणसापुढे सरकवला. "इथून तर हव्या तेवढ्या जागा आहेत. हे काय आहे?"

तो माणूस संगणकातल्या बिघाडाविषयी काहीतरी सांगू लागला. तेव्हा घरी सगळं सांगून आलेला मी उठलो आणि दारातून जे पाहिलं ते सांगितलं. त्याच आठवड्यात कंपनीनं मला काढलं, आणि पुढच्या आठवड्यापासून गाडी आंबेघळला थांबू लागली.

माझी नोकरी गेल्यावर आक्का गुंदला आमच्या घरी आल्या. बाबांनी त्यांना खूप सुनावलं. "पोराचं वाटोळं केलंसा तुम्ही." आक्का मान खाली घालून ऐकत राहिल्या. बाबांचं बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "तुमचं खरं हाय. उद्या ह्याला माझ्याबरोबर धाडा." दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन जोयड्यातल्या दुकानांतून फिरल्या. झेरॉक्सच्या एका दुकानात मालकानं विचारलं, पोरगा कसा आहे? आक्का म्हणाल्या, "खरा हाय. मी तपासलाय." तिथं मी चिकटलो, आज त्याच दुकानात भागीदार आहे. माझ्याविषयी इतकं चांगलं कुणी कधी बोललेलं नाही.

राजप्पाची गोष्ट त्यानंतरची. नारायणमामांना नेणारा जीपवाला एकदा आक्कांना सहज म्हणाला, "त्या दिवशी मला राजप्पानंच फोन केला होता की. आधी रेल्वेच्या कंट्रोल रूमला विनवून थकला बिचारा. गाडी थांबवा म्हणत होता, कुणी ऐकंना." झेंडा दाखवणं त्याच्या नोकरीचा भाग होता, गाडी थांबवणं त्याच्या हातात नव्हतं.

आक्का बाजाराच्या दिवसाची वाट पाहत थांबल्या. मीही तिथं होतो. चारचौघांत, जिथं आरोप केला तिथंच उभं राहून, त्यांनी राजप्पाला हाक मारली. "राजप्पा, तप्पायितु. माझं चुकलं. मी मोठ्यानं बोलले होते, म्हणून मोठ्यानंच सांगते." मग त्या त्याच्या बायकोकडे गेल्या, तिचा हात धरला आणि तिच्याबरोबर पाणवठ्यापर्यंत चालत गेल्या. वाटेत दोघी काय बोलल्या ते आम्हांला कळलं नाही.

कंपनी पुढे फार टिकली नाही. तोटा होतोय म्हणून तिनं गाडी सोडून दिली आणि रेल्वे ती पुन्हा स्वतः चालवू लागली. पंखे आता अधूनमधून बंद असतात, गाडी उशिरा येते, पण आंबेघळला थांबते. नारायणमामा अजून तिनंच दवाखान्यात जातात. आता दुसरी कुठली कंपनी येणार अशी कुणकुण आहे. सुटाबुटातले दोन अनोळखी लोक फलाटाचे फोटो काढताना दिसले. आक्कांनी त्यांना घरी बोलावून चहा पाजला आणि संध्याकाळपर्यंत सोडलं नाही, असं राजप्पा सांगतो.

या ग्रंथाची कल्पना घेऊन आम्ही आक्कांकडे गेलो, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून आम्हां सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "एवढं चांगलं माणूस गेल्यावर बोलत्यात. माझ्या रिपोर्टात काय निघालंय, खरं सांगा."

आक्का, काही निघालेलं नाही. तुमची प्रकृती ठणठणीत आहे आणि ती तशीच राहावी, डोळे आणि कान असेच तल्लख राहावेत, एवढंच आम्हां सर्वांचं मागणं आहे. शंभरी तुम्ही आमच्यात बसून पार करावी. पटत नसेल, तर तपासून घ्या.