दहा लक्ष नऊ

सान हेरोनिमो गावात तेलेस्फोरो मास्तरांच्या नजरेत भरणारं माणूस नव्हतं. महापौर म्हणजे आकड्याच्या डावीकडचं शून्य. पाद्रीबाबांना बारा प्रेषितांच्या पुढे मोजता येत नाही. आणि गवंडी सातुर्निनो? तो वीट तरी सरळ लावतो, एवढंच.

निवृत्तीनंतरच्या चौदा वर्षांत मास्तरांचा जीव जडला तो एकाच गोष्टीवर, दहा लक्ष नऊ या संख्येवर. ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही, असा त्यांचा दावा होता. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी त्यांनी तिला भागून पाहिलं होतं. एकेका भागाकाराला एक पान आणि पानाच्या तळाशी नवाचा ताळा, म्हणजे आकड्यांच्या बेरजेने केलेली पडताळणी.

नव्या शाळेच्या कमानीवर हीच संख्या कोरायची ठरली होती. सातुर्निनोने दगडावर ती खडूने लिहूनही ठेवली होती. छिन्नी सोमवारी लागणार होती.

"या गावात दगडावर टिकण्याजोगं दुसरं आहे काय?" मास्तर म्हणत.

त्यांच्या वहीतली पानं प्रौढवर्गातल्या बायकांना सरावासाठी वाटली गेली. शनिवारी मक्याच्या पानात वाफवलेले तमाले विकणारी नुबिया टोपली घेऊन त्यांच्या ओसरीवर आली.

"मास्तर, दोनशे त्र्याण्णवाचं पान मला आलंय. माझी बाकीच उरत नाही हो."

"तुझ्याकडे कधी काय उरलंय, नुबिया? तमाले गार होतील, जा."

"तीन हजार चारशे तेरा वेळा पूर्ण भाग जातो. उलटं गुणून पाहिलं. तीनदा. सासू म्हणाली, हिला झपाटलं."

"बाकी दोनशे तीन उरते. ताळा जुळलाय. बघ!" मास्तरांनी तिच्यासमोर पुन्हा ताळा केला. इकडे एक, तिकडे एक. त्यांनी ते पान असं पुढे सरकवलं, जशी मांजरापुढे बशी सरकवावी.

नुबियाने पानावर बोट ठेवलं. "इथे वजाबाकी सत्त्याऐंशी येते. तुम्ही अठ्ठ्याहत्तर लिहिलंत. आकडे उलटे पडले तरी बेरीज तीच, ताळा जुळतोच, मास्तर. चौथीत तुम्हीच सांगितलं होतंत. मी विसरले, तर वर्गाबाहेर उभं केलंत."

मास्तरांनी गुणाकार केला. मग पुन्हा केला. मग टोपी घातली आणि कमानीकडे निघाले.

"पुसून टाक," ते सातुर्निनोला म्हणाले.

"का हो? परवा तर म्हणालात, जग बुडालं तरी फुटणार नाही!"

"फुटली."

"कुणी फोडली?"

मास्तरांना कुणाचंही नाव न घेता परत जाणं अगदी सोपं होतं.

"नुबियाने."

"तमालेवाल्या नुबियाने?" सातुर्निनोला हसू आवरेना.

"हसतोस काय, दगडा? चौदा वर्षं मला दिसलं नाही, ते तिला दिसलं." मास्तरांनी स्वतःच्या बाहीने पहिलं शून्य पुसलं. "आणि ती माझी विद्यार्थिनी होती, हे गावात कुणाला सांगू नकोस. तिची बदनामी होईल."