दोनदा दाबायचं बटण

टेस्टिंगताईचं खरं नाव लाइटच्या बिलावर तेवढं उरलं होतं. तिच्या वडिलांचा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. नऊ वर्षांची असल्यापासून ती स्टुलावर चढून माइकमध्ये ओरडायची, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री," आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला उभे असलेले वडील आवाज पोचला की हात वर करायचे. पुढे वडील गेले, कर्णे भंगारात गेले, आणि त्याच दहा बाय बाराच्या दुकानात कॅमेरे, दिवे, ट्रायपॉड, कॉलरला अडकवायचे चिमुकले माइक आणि तळहातात मावणारे रेकॉर्डर आले. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आता पन्नाशी उलटली तरी प्रत्येक रेकॉर्डर गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ती त्यात तेच दहा सेकंद बोलायची आणि परत ऐकून मगच पिशवीत घालायची.

गिऱ्हाईक म्हणजे स्वतःचं चॅनेल चालवणारी माणसं. कुणी स्वयंपाकाचे व्हिडिओ करतं, कुणी जुनी यंत्रं खोलून दाखवतं, कुणी नुसतंच बोलतं. उत्साह दांडगा, माहिती बेताची. त्यांना ती शाळेतल्या बाईंसारखी झापायची. रेकॉर्डिंगच्या आधी पंखा बंद, फ्रिज बंद, दारावरच्या बेलची वायर काढून ठेवा, आणि फोन गप्प करू नका, सरळ बंद करा, कारण गप्प केलेला फोनसुद्धा माइकमध्ये गुरगुरतो. प्रत्येक पिशवीत एक छापील कागद असायचा, दाराला लावायला: "रेकॉर्डिंग चालू आहे. कृपया दार वाजवू नये." आणि शेवटी लाल बटण.

"हे दोनदा दाबायचं," ती बोट नाचवत सांगायची. "एकदा दाबलं की दिवा लुकलुकतो, काटे हलतात, कानाला ऐकूही येतं. पण तेव्हा तो फक्त ऐकतोय, लिहून घेत नाहीये. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर. मग बोला. काय सांगितलं?"

"दोनदा दाबायचं," गिऱ्हाईक म्हणायचं, आणि दहातलं एक घरी जाऊन एकदाच दाबायचं.

सामान परत आलं की त्याच संध्याकाळी ती सगळी कार्डं कोरी करायची. एकाच्या घरातलं बोलणं दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून. या नियमाचा तिला भारी अभिमान होता.

त्या मंगळवारी अकराला दहा कमी असताना गोष्टीवाली दुकानाच्या दोन पायऱ्या चढून आली. ही मुलांसाठी गोष्टींचं चॅनेल चालवणारी तिशीतली बाई. एरवी आली की आधी खुर्ची ओढायची. आज उभीच राहिली. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"ताई, मी काल सकाळी परत दिलेला रेकॉर्डर. त्यातलं कार्ड द्या."

"का गं? काय झालं?"

झालं होतं ते असं. तिचे बाबा पस्तीस वर्षं तिकीट खिडकीवर होते. त्या एवढ्याशा भोकातून आयुष्यभर बोलले, आणि घरी येऊन लेकीला गोष्टी सांगितल्या. आता त्यांच्या घशात गाठ निघाली होती. स्वरयंत्रच काढायचं ठरलं. त्यांची नात जेमतेम दोन वर्षांची. म्हणून रविवारी दुपारी बाबा रेकॉर्डरसमोर बसले आणि तिच्यासाठी सगळ्या गोष्टी बोलून ठेवल्या. एक तास दहा मिनिटं. सोमवारी सकाळी दवाखान्यात निघायच्या घाईत हिने कार्ड लॅपटॉपला लावलं, फाइल ओढली, आणि कॉपी पुरी व्हायच्या आत कार्ड उपसलं. लॅपटॉपमध्ये आज नुसतं नाव होतं, आत काही नव्हतं.

"ऑपरेशन?" टेस्टिंगताईने विचारलं.

"काल झालं. नीट झालं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा वाकडा झाला. "आता ते बोलणार नाहीत, ताई."

कार्ड काल संध्याकाळी टेस्टिंगताईने स्वतःच्या हाताने कोरं केलं होतं. तो रेकॉर्डर आज सकाळी मुलाखतवाला घेऊन गेला होता. जुन्या कारागिरांशी गप्पा मारणारा बडबड्या माणूस. आज एका घड्याळजींना बोलतं करणार होता आणि साडेदहाला बसतो म्हणाला होता.

तिने खोटं बोलायचा विचार केला नाही असं नाही. कार्ड खराब झालं, म्हणता आलं असतं. कुणाला कळलं असतं? पण समोरच्या त्या दोन वेगळ्या चपलांकडे बघून तिच्याने ते होईना. तिने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे गेलं?"

"अजून नाही. ऐक नीट. कोरं करणं म्हणजे वहीची अनुक्रमणिका फाडणं. पानं आत तशीच असतात, ती परत काढता येतात. पण नवीन लिहायला लागलं की ते पहिल्या पानापासून लिहिलं जातं. जुन्यावर."

गोष्टीवालीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेदहाला बसले असतील तर वीस मिनिटं गेली होती. वीस मिनिटांचे बाबा गेले होते. मुलाखतवाला बोलत राहिला की मिनिटाला मिनिट पुसलं जाणार, आणि बाराला वीस कमी असताना काहीच उरणार नव्हतं.

टेस्टिंगताईने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिनेच शिकवलं होतं ना, सरळ बंद करा म्हणून. आजवर एकाही गिऱ्हाइकाने तिचं इतकं मुकाट्याने ऐकलं नव्हतं, आणि ऐकायला हाच दिवस सापडला.

"बस मागे," म्हणत तिने स्कूटर काढली. दुकानाचं शटर अर्धंच ओढलेलं राहिलं.

रस्ता पंचवीस मिनिटांचा. पहिल्या सिग्नलला लाल दिवा, दुसऱ्यालाही लाल. तिसऱ्या चौकात कुणी खड्डा खणून ठेवला होता आणि दोन गाड्यांचे चालक खाली उतरून चूक कुणाची यावर तावातावाने भांडत होते. टेस्टिंगताईने हॉर्नवर अंगठा ठेवला तो काढलाच नाही. "घरी जाऊन भांडा!" ती ओरडली. मैदानाच्या टोकापर्यंत पोचणारा तो आवाज होता. दोघंही दचकून बाजूला झाले.

मागे गोष्टीवालीने टेस्टिंगताईचा खांदा घट्ट धरला होता, एवढंच. टेस्टिंगताईला वाटत होतं, हिने मला शिव्या द्याव्यात, म्हणजे जरा बरं वाटेल. तिच्या स्वतःच्या वडिलांच्या आवाजाचा एक तुकडाही तिच्याकडे नव्हता. गावभर आवाज पोचवणाऱ्या माणसाचा स्वतःचा आवाज कुणी धरून ठेवला नव्हता, आणि आता हिच्या बाबांचाही तसाच जाणार, तोही माझ्या हाताने, हे तिच्या मनातून हलेना.

आणि आणखी एक गोष्ट तिला दुसऱ्या सिग्नललाच आठवली होती. कार्ड कोरं केल्यावर आज सकाळी तिने नेहमीप्रमाणे त्यात दहा सेकंद टेस्टिंग केलं होतं. पहिल्या पानावर. म्हणजे मुलाखतवाला बसलाच नसेल तरी बाबांचे पहिले दहा सेकंद गेलेले होते. हे तिने पोटात ठेवलं. तेवढं धैर्य अजून गोळा झालं नव्हतं.

घड्याळजींचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढताना तिच्या गुडघ्यांनी तक्रार केली, ती तिने ऐकली नाही. दारावर तिचाच छापील कागद होता. रेकॉर्डिंग चालू आहे. कृपया दार वाजवू नये. ती एक क्षण चक्क थबकली, इतकी सवय. मग बेल दाबली. बेल वाजली नाही. अर्थातच, वायर काढून ठेवली होती. तिने दोन्ही मुठींनी दार बडवायला सुरुवात केली.

दार मुलाखतवाल्याने उघडलं, रागाने लाल होऊन. "ताई? तुम्ही? अहो, रंगात आले होते आजोबा! तुम्हीच कागद देता आणि तुम्हीच..."

"रेकॉर्डर कुठंय?"

ती त्याला बाजूला सारून आत घुसली. भिंतभर घड्याळं होती आणि सगळी बंद. टिकटिक येऊ नये म्हणून म्हाताऱ्याने एकूण एक लंबक थांबवले होते. इतकी शांतता, की तिला आपलाच श्वास मोठा वाटला. खिडकीजवळच्या टेबलावर, चिमटे आणि भिंगांच्या मधे, रेकॉर्डर उभा होता.

"थांबा, थांबा," मुलाखतवाला वैतागून पुढे झाला. "पाऊण तासाचं काम आहे, नीट बंद तरी करू द्या." त्याचं बोट लाल बटणाकडे गेलं.

तेवढ्यात तिला दिवा दिसला. दिवा लुकलुकत होता.

"हात लावू नको!"

खोलीतली काच थरथरली असेल. तिने झडप घालून त्याचं मनगट धरलं, बोट बटणापासून नखभर अंतरावर असताना. त्याने बंद करायला म्हणून दाबलं असतं आणि त्या क्षणी रेकॉर्डिंग सुरू झालं असतं. त्याचा हात तसाच धरून तिने दुसऱ्या हाताने रेकॉर्डर बंद केला, कार्ड काढलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं. मग ती जवळच्या खुर्चीत बसली.

"किती गेलं?" दारातून गोष्टीवालीने विचारलं.

"याने एकदाच दाबलंय," टेस्टिंगताई म्हणाली. "एकदाच दाबलंय गं या गाढवाने! काहीच लिहिलं गेलं नाही."

गोष्टीवाली उंबऱ्यातच खाली बसली आणि रडायला लागली. मुलाखतवाल्याला काही कळेना. चूक केल्याबद्दल आजवर ज्याचे कुणी आभार मानले नव्हते, त्याला एक अनोळखी बाई हात जोडत होती. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की आपलं पाऊण तासाचं सगळं वाऱ्यावर गेलं, आणि तोही मटकन बसला.

"बरं झालं," घड्याळजी कोपऱ्यातून म्हणाले. "निम्म्या थापा मारल्या होत्या मी. आता खरं सांगतो."

टेस्टिंगताईने पिशवीतलं दुसरं कार्ड घातलं, मुलाखतवाल्याचं बोट धरून बटण दोनदा दाबवलं आणि दिवा स्थिर झालेला पाहूनच जिना उतरली.

दुपारी दुकानात कार्ड कॉम्प्युटरला लावलं. हरवलेलं शोधणाऱ्या प्रोग्रॅमची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. चाळीस टक्क्यांवर ती इतका वेळ अडली की दोघींनी एकमेकींकडे बघणं टाळलं. तेव्हा टेस्टिंगताईने ते दहा सेकंद सांगितले. नजर खाली ठेवून, एका दमात सांगितलं, लहान मुलं फुटलेल्या कपाचं सांगतात तसं.

गोष्टीवालीने खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली.

पट्टी पुरी झाली. पहिली फाइल उघडली. "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री." टेस्टिंगताईला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या आवाजाची चीड आली. त्यापुढचा तुकडा तिने जोडून ऐकवला. आधी खरखर, आणि मग एक घोगरा, दमलेला, पण अगदी निवांत आवाज: "...एवढंच. चला, आता गोष्ट. एक होता लंगडा उंदीर."

गोष्टीवालीने तोंडावर ओढणी धरली. पुढचा एक तास नऊ मिनिटं जशीच्या तशी होती. उंदीर होता, त्याची भांडखोर मावशी होती, मधे बाबांनी प्यायलेलं पाणीही होतं.

"सुरुवातीला काय म्हणाले असतील?" शेवटी टेस्टिंगताईने विचारलं.

"मला माहीत नाही. तू असलीस की मला लाज वाटते, म्हणाले. मी बटण दोनदा दाबून बाहेर गेले होते."

तीन आठवड्यांनी बाबा स्वतः दुकानात आले. गळ्याभोवती पांढरी पट्टी, हातात पाटी, खिशात पेन्सिल. लेक बरोबर होती. टेस्टिंगताईने दोघांना खुर्च्या दिल्या, आणि मग तिला राहवेना.

"काका, तुमचे पहिले दहा सेकंद माझ्यामुळे गेले. त्यात काय होतं?"

बाबांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. पाटीवर लिहिलं आणि तिच्यासमोर धरलं. तिकीट खिडकीवरचं स्वच्छ, सरळ अक्षर होतं. घसा साफ करत होतो.

ते हसले, नुसत्या खांद्यांनी. टेस्टिंगताईही हसली, पण तिला ते पटलं नाही. घसा साफ करून कुणी 'एवढंच' म्हणत नाही. हा माणूस आपल्याला सोडून देतोय, हे तिला कळलं आणि डोळे भरून आले.

बाबांनी पाटी पुसली. पुन्हा लिहायला लागले, या वेळी सावकाश, मधे एकदा आठवायला थांबून. मग पाटी लेकीकडे वळवली. टेस्टिंगताईला फक्त मागची बाजू दिसत होती. तिने मुद्दाम कपाटातल्या लेन्स पुसायला घेतल्या. लेकीने वाचलं. पुन्हा वाचलं. बाबांनी पुसायला हात पुढे केला तसा तिने तो धरला.

ती पाटी तिने पुसू दिली नाही. जाताना बाबांना कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी घ्यावी लागली.